निकेशचा उजवा हात

"गळ्यातलं काढून ठेवा, ताई. आत दागिना चालत नाही," एमआरआयच्या मशीनवरची मुलगी म्हणाली.

मनिषाने मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं. मग नवऱ्याच्या शर्टाची बटणं सोडवली. चार महिने ती हेच करत होती. निकेशचा उजवा खांदा आखडला होता, हात छातीच्या वर जात नव्हता. द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवणारा माणूस घरी बसला होता. त्याला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गोदामात उभ्याने आठ तास खोकी बांधायची. आज शिरढोणहून पनवेलला येताना रिक्षातच तिचा डोळा लागला होता.

मशीन ठोठावू लागलं तसा निकेश घाबरला.

"तू जाव नको," तो आतून म्हणाला.

अर्धा तास ती त्याचा पाय धरून उभी राहिली.

"दादा नशीबवान आहेत," मशीनवरची मुलगी म्हणाली. मनिषा नुसती हसली.

दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन ते डॉक्टरांकडे आले. खांद्याच्या कळांनी निकेशला रात्रभर झोप नव्हती. तो खालच्या बाकावरच टेकला. ती एकटी वर गेली.

"काळजी नको," डॉक्टर म्हणाले. "स्नायू फाटलेला नाही. सांध्याचं आवरण जाड होऊन आखडलंय. फ्रोझन शोल्डर. रोज व्यायाम करून घ्या, हात सुटेल."

"पुरता वर जाईल?"

"अगदी पूर्वीसारखा."

"आनि नाय केला व्यायाम तर?"

"मग फार रखडतं. काहींचा पूर्ण सुटतच नाही. पण तुमच्यासारखं करणारं माणूस असल्यावर काय चिंता!"

व्यायामाच्या कागदाची तिने बारीक घडी घातली आणि जिना उतरली.

"काय बोलला डॉक्टर?" निकेशने विचारलं.

"आतली शीर तुटलीय. हात अजिबात हलवायचा नाय. हलवला तर कायमचा जाईल."

"मंग बरा कदी होनार?"

"बगू."

तिने त्याला धरून उठवलं.

घरी पोचल्यावर तो पलंगावर आडवा झाला. मनिषा स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली. बारा वर्षांची भाविका तिथेच वाट बघत होती.

"आई, पप्पांचा हात वर जानार?" तिने हळूच विचारलं.

"नाय."

भाविकाने तांदळाच्या डब्यामागे हात घालून बापाचा पट्टा बाहेर काढला.

"मंग ह्यो आता लपवायला नको ना?"