चाकाखालची लिंबं

हैदराबादेत वकिली शिकणाऱ्या गुरुलिंगानं उस्मानाबादेत एका दलालाकडून मातीमोल भावात जुनी मोटार घेतली आणि लोहाऱ्याला घरी आणली. आई रुद्रम्मानं रिवाजाप्रमाणं कुंकू लावून चार लिंबं चाकांखाली ठेवली. मोटार पुढं गेली. लिंबं होती तशीच गोल राहिली.

"आव्वा, येक काम धड जमत न्हाय तुला."

त्यानं चिडून स्वतः लिंबं मांडली आणि पुन्हा मोटार घातली. एकही फुटलं नाही.

"त्या दलालाच्या नरडीवरच पाय देतो," म्हणत तो उतरला आणि एका लिंबावर दाणकन टाच हाणली. मग संतापून दोन्ही पायांनी त्यावर उभाच राहिला. लिंबावरचं कुंकूसुद्धा हललं नाही.

रुद्रम्मानं वाकून ते त्याच्या पायाखालून सहज ओढून घेतलं. खालच्या धुळीत ना चाकांचा माग होता, ना त्याच्या टाचेचा ठसा. तिच्या दोन बोटांत ते पिचकलं.