माकडिणीला काय आठवलं

प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या माकडिणीला स्मरणशक्तीच्या नव्या औषधाची पाचवी सुई टोचून झाली होती. पिंजरे झाडणारे काका जवळ येताच तिने गजांतून हात काढून त्यांची कॉलर सारखी केली. काका जागीच थबकले.

"आमची ही करायची असं. डबा घेऊन यायची ना इथे. गेली त्या दिवशीही आली होती."

"म्हणजे औषध लागू पडलं," डॉक्टर खुशीत म्हणाले.

मग माकडिणीने छाती गच्च धरली. ती हळूहळू खाली बसली आणि डॉक्टरांकडे बघत तिने हात पुढे केला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हात तसाच होता.

डॉक्टरांनी नजर वळवली.

"ती क्षणात गेली, असं तुम्ही सांगितलं होतं," काका म्हणाले.