एक वीत वळचण

भिवाजीने ठरल्यापेक्षा एक वीत जास्त पत्रा कापला. लेकीने दिलेले माप पेटीपुरतेच होते. पण या डोंगराखाली ज्या वस्तूला वळचण नाही ती पावसाळा काढत नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पेटी सागवानाची होती. फटी बुजवायला सांध्यांत त्याने लांबी भरली होती, पुढच्या काचेभोवती रबराची पट्टी बसवली होती. आत त्याच्या लेकीने, सुप्रियाने स्वतः जोडलेला दिव्यांचा फलक होता. सुप्रिया कर्जतला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि रविवारी तेवढी वाडीवर येई. दिवसभरात पडलेल्या पावसाचा आकडा त्या फलकावर उमटे. शंभर मिलिमीटरपर्यंत हिरवा, पुढे लाल. लाल झाला की घरे सोडून खालच्या शाळेत जायचे, असे तिने दारोदार जाऊन सांगितले होते. वाडीच्या माथ्यावर डोंगराला भेग पडली होती आणि दर पावसाळ्यात ती थोडी रुंद होत होती.

गेल्या वर्षी हाच फलक प्लॅस्टिकच्या डब्यात होता. डब्यात पाणी शिरले आणि साध्या भुरभुरीत आकडा लाल झाला. गुरे, अंथरुणे, म्हातारी माणसे घेऊन सगळी वाडी शाळेत जाऊन बसली, आणि दुपारी लख्ख ऊन पडले. तेव्हापासून शेजारचा येसाजी सुप्रिया दिसली की विचारी, "काय गं, तुझा बोर्ड लग्नाचा मुहूर्त पण काढतो का?" माणसे हसत. सुप्रियाही हसे. त्यानंतर एकदा मोठ्या पावसात आकडा खराच लाल झाला. त्या दिवशी घोंगडी डोक्यावर घेऊन शाळेत गेला तो एकटा भिवाजी. दरड आली नाही. वाडी आणखी हसली.

यंदा सुप्रिया म्हणाली होती, "बाबा, पेटी तुमी करा. तुमच्या हातची पेटी गळत नाय. एक थेंब आत जाता कामा नये."

वाडीच्या मधोमध खांबावर उभ्या केलेल्या पेटीच्या अंगाला तिने एक पांढरे नरसाळे बसवले होते. गेल्या वर्षी ते दूर बांबूच्या टोकाला होते. वायर तुटू नये म्हणून यंदा तिने ते जवळ घेतले. नरसाळ्याचे तोंड आभाळाकडे होते आणि त्याच्या बुडातून वायर थेट पेटीत गेली होती. भिवाजीने पेटी चारी बाजूंनी निरखली. पाण्याला आत शिरायला तेवढी एकच वाट उरली होती. पोरीच्या नजरेतून ती सुटली असावी. आकडा मोबाइलवरच्या बातमीसारखा हवेतून कुठून तरी येतो, असे तो धरून चालला होता. अडाणीपणा दिसेल म्हणून त्याने कधी विचारले नव्हते. इतकी उघड गोष्ट सांगायची असते, हे सुप्रियाला सुचले नव्हते. ती कर्जतला परतल्यावर त्याने वाढवलेला पत्रा नरसाळ्यावर आणून ठोकला.

त्याच आठवड्यात आषाढाचा पाऊस लागला तो उघडेना. ओढ्याचे पाणी लाल मातीचे झाले. दुपारी सुप्रियाचा फोन आला.

"बाबा, आकडा किती हाय?"

"एकवीस. हिरवा."

"एकवीस? इथं कर्जतात रस्ते बुडालेत. नरसाळ्यात पालापाचोळा अडकलाय का, बघा."

"पालापाचोळा कसा जाईल? वर पत्रा मारलाय म्या. झडीचं शिंतोडं सोडलं तर थेंब जात नाय, बाय."



"बाबा," ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज फाटला होता, "त्या नरसाळ्यात पडतं तेच पाणी तो मोजतो. तुमी सगळ्यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

भिवाजी अनवाणी धावला. हत्यार शोधायला वेळ नव्हता. त्याने दोन्ही हातांनी पत्रा उपटला. तळवा कापला, ते त्याला कळले नाही. मग तो ओरडत दारोदार फिरू लागला. येसाजी पडवीत बिडी ओढत बसला होता. त्याने मान वर केली.

"शाळेत चला रं!" भिवाजी ओरडला. "बोर्ड खोटा बोलतोय. म्याच झाकला होता त्याला."

"खोटा?" येसाजीने पेटीकडे बोट केले. "गेल्या साली डबा गळका होता, म्हणून खोटं बोलला. आता पेटी तुझ्या हातची हाय, भिवा. तुझी पेटी कधी गळली का?"

"अरं, गळायला पायजे होती ती!"

"येडा झालास का रं? बघ की, आता कुठं बावीस झालं. शंभराला लय येळ हाय."

उघड्या नरसाळ्यात आता पाऊस कोसळत होता आणि आकडा चढत होता. तेवीस. चोवीस. डोंगरावर आधी जे पडून गेले होते ते त्या आकड्यात कधीच येणार नव्हते. भिवाजीने येसाजीचा दंड धरून त्याला पडवीतून ओढले. येसाजीने दंड सोडवून घेतला. "पोरीनं एवढं राबून केलंय," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आणि तूच बाप असून नाय म्हणतोस?"

भिवाजी मागे वळला. त्याच्या ओरडण्याने माणसे दारांत आली होती. बायका, कडेवर पोरे, काठी टेकलेली म्हातारी. प्रत्येक जण आधी त्याच्याकडे, मग पेटीतल्या त्या हिरव्या आकड्याकडे पाहत होता आणि पाहून पुन्हा घरात जात होता. वर्षभर त्याने ज्याची वाट पाहिली होती ते घडले होते: वाडीने त्याच्या लेकीच्या फलकावर विश्वास ठेवला होता.