बाबांच्या मशीनची लेव्हल

अर्धांगवायूने बाबांची वाचा नेली, म्हणून लेकीने त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. बटणावर बोट ठेवलं की कॉम्प्युटर त्यावरचा शब्द बोलायचा. तिच्या नव्या लॅपटॉपवर तो पोपटासारखा बोलला. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र उघडता उघडताच बंद पडला.

धाकट्या भावाने डोकावून विचारलं, "ताई, प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बिल्ड करताना प्रोसेसरची लेव्हल, जुना की नवा ते, कुठली दिलीस?"

"द्यायची कशाला? बिल्ड करणारं टूल आपलं आपण ओळखतं."

"ओळखतं गं, पण तुझ्या लॅपटॉपला. त्याला कळणाऱ्या आज्ञा या जुन्या डब्याला कुठून कळणार? ज्याच्यावर चालवायचंय, त्याची लेव्हल स्पष्ट सांग."

तिने ती सांगून प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड केला. या खेपेला तो उघडला. पाणी, औषध, झोप, दुखतंय, अशी ठसठशीत बटणं पडद्यावर आली. बाबांनी बोट न टेकवता सगळ्यांवरून फिरवलं, आईकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"आता काय बिघडलं?" लेक रडकुंडीला आली.

"काही नाही गं," आई हसू दाबत म्हणाली. "त्यांना माझ्याशी भांडायचंय. त्याचं बटण कुठाय?"