वडिलांच्या फीची पावती

निवृत्तीनंतर बाबा कॉलेजात जायला लागले. फी लेक भरायची. त्या संध्याकाळी ती करसवलतीचा फॉर्म भरत बसली होती, तेवढ्यात बाबा निकाल नाचवत आले. "वर्गात पहिला! ब्याऐंशी टक्के!"

"उरलेले अठरा कुठे सांडले?" तिने मान वर न करता विचारलं. लहानपणी बाबा तिला हेच विचारायचे; तिने सव्याज परत केलं.

बाबा खो खो हसले आणि फॉर्ममध्ये डोकावले.

"यात तुमची फी बसत नाही, बाबा. सवलत फक्त मुलांच्या फीवर मिळते."

"मग लिही की मुलगा! अभ्यासाला बसवतेस, उशीर झाला की ओरडतेस. आणखी काय राहिलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

महिन्याभराने करसल्लागाराने तिच्या कागदांतून बाबांच्या फीची पावती उचलली. "विद्यार्थ्याशी नातं?"

"वडील."

"अहो ताई, वडिलांच्या फीवर सवलत नसते."

"माहितीये. तरी आणली." पावती परत घ्यायला तिचा हात काही पुढे होईना. "वर्गात पहिले आले होते. फार हुशार होते हो माझे बाबा."