हाक्याचा वाटा

कुवेत पडल्यावर आमच्या सौदी कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, सगळ्या कामगारांचे पासपोर्ट कपाटात कोंबले. माणसं पळतील, ही भीती. तबूकला शिकारीचा मोसम आला तेव्हा त्याने खुशीत विचारलं, "परवाना कशाचा काढू? हरणाचा मुश्किलीने मिळतो, लांडग्याचा आजच." "लांडग्याचा," माझ्यासोबत रंगकाम करणारे ताजुद्दीनभाई म्हणाले. मी वैतागलो. "अहो, लांडगा खाणार कोण?" पहाटे आम्ही दोघांनी रत्नागिरीसारखाच हाका घातला, रंगाचे डबे बडवत, बोंबलत. लांडगा थेट कफीलच्या बंदुकीसमोर आला आणि पडला. त्याच्या कानात परवान्याचा बिल्ला अडकवताना कफील गात होता. ताजुद्दीनभाई पुढे झाले. "आमच्याकडे हाका घालणाऱ्याला शिकारीतला वाटा देतात. हे मांस तर हराम. मग आमचा वाटा?" कफील खदखदून हसला. "वाटा बुडवणारा मी नव्हे. माग!" "दोन पासपोर्ट." विमानात मी विचारलं, "हरीण निवडलं असतं तर?" "रस्सा ओरपत तिथेच बसलो असतो."