ओला ब्रश

ऑपरेशननंतर घरी आल्यावर पहिल्याच सकाळी हेमलताबाईंनी मगातून ओळखीसाठी दोरा बांधलेला आपला ब्रश उचलला आणि त्यांचा हात थबकला. दांड्यावरचा बारीक दिवा लाल होता.

गेल्या महिन्यात तो असाच लाल झाला होता. हिरड्यांतून येणाऱ्या रक्तातली प्रथिनं ब्रशनं वाचली, त्यात पित्ताशयाच्या कर्करोगाची खूण सापडली आणि निरोप थेट हॉस्पिटलला गेला. सुईनं रक्त काढून तपासणं कधीच बंद झालं होतं. पित्ताशय काढलं, पण त्यात गाठ मिळाली नाही. “फार लवकर सापडलं, नशीबवान आहात,” डॉक्टर म्हणाले होते.

आता पित्ताशयच नव्हतं. शिवाय आज त्यांनी ब्रश अजून तोंडातही घातला नव्हता. एरवी त्या तो उचलताच नळाखाली धरत. आज टाके ओढत होते, म्हणून हात नळापर्यंत गेला नव्हता. त्यांनी ब्रशच्या केसांवरून बोट फिरवलं. ओले होते. शेजारचा नवऱ्याचा ब्रश मात्र कोरडा ठाक होता.

भिंतीला धरत त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. दिगंबरराव चहा गाळत होते. चहा झाल्याशिवाय ते चष्मा लावत नसत.

“अहो, दात घासलेत?”

“केव्हाच.”

“कुठल्या ब्रशनं?”

“हाताला लागला त्यानं. रोज तेच करतो.” त्यांनी लगबगीनं खुर्ची पुढे ओढली. “बस आधी. आता जपायचंय तुला.”